बोलण्याचा हेल आणि पहिली पसंती
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात मंडळाच्या कामाचा गौरव करावा, सर्वांचे आभार मानावे आणि चहाची वेळ टळू न देता खाली बसावे, असा रिवाज आहे. कार्यकारिणीने मात्र मला विषय नेमून दिला आहे. माणसाच्या बोलण्यातल्या हेलाचा पहिल्या भेटीवर काय परिणाम होतो, यावर मी बोलावे अशी आज्ञा आहे. विषय वरवर पाहता हलकाफुलका दिसतो. पण ज्या घरात लग्नाची मुलगी आहे, किंवा पुण्या-नाशकाला नोकरीच्या मुलाखतीला निघालेला मुलगा आहे, त्या घरातल्या आईला विचारून पाहावे. कपडे कोणते घालावेत याची चिंता एका दिवसात मिटते. तिकडे गेल्यावर तोंडातून शब्द कसा निघेल, याची चिंता मिटत नाही.

हेल म्हणजे काय, ते आधी सांगते. शब्द तोच असतो, पण तो लांबवण्याची, चढवण्या-उतरवण्याची, एखादे अक्षर बदलून म्हणण्याची प्रत्येक मुलखाची रीत निराळी असते. हेल फक्त दुसऱ्याला असतो आणि आपण तेवढे सरळ बोलतो, असे प्रत्येकाला वाटते. पुणेकरालाही तसेच वाटते आणि लंडनच्या साहेबालाही. खरे पाहता हेल नसलेला माणूस जन्माला यायचा आहे.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. तालुके सहाच, पण बोली किती! नंदुरबारच्या बाजारात अहिराणी कानावर येते, शहादे-तळोद्याकडे गुजर मंडळींची गुजरी, नवापुरात मावची, अक्राणीच्या डोंगरात पावरी, आणि जिल्हाभर भिलीची नाना रूपे. शेजारी गुजरात, वर मध्य प्रदेश. त्यामुळे गुजराथी आणि हिंदी या तर घरच्याच पाहुण्या. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात खानदेशी बोलणारे अठरा लाखांहून अधिक मोजले गेले आणि भिली बोलणारे एक कोटीहून अधिक. ग्रिअर्सनसाहेबांनी हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा १९०७ साली छापलेल्या भागात त्यांनी खानदेशीला मराठीच्या पंक्तीत न बसवता भिल्ल भाषांच्या शेजारी बसवले. तेव्हा आपली अहिराणी ही 'बिघडलेली मराठी' आहे, हे जे आपण लहानपणापासून ऐकतो, ते एवढे सोपे नाही. तिचे व्याकरण तिचे आहे. 'आहे'ला ती 'शे' म्हणते, 'मला'ला 'माले' म्हणते, आणि तसेच नेमाने म्हणते. ज्याला नेम आहे त्याला चूक कसे म्हणावे?

आता एक गंमत पाहा. आपल्याकडची बाई 'पानी' म्हणाली की शहरातली माणसे ओठ दाबून हसतात. 'ण'चा 'न' झाला म्हणून तिला अडाणी ठरवतात. पण हीच बाई दिल्लीला गेली आणि तिने तोच शब्द तसाच उच्चारला, तर ती शुद्ध हिंदी बोलली! शब्द एक, आवाज एक, जीभही तीच. एका गावी तो अडाणीपणा आणि दुसऱ्या गावी शुद्धता. इंग्रजीतही असेच आहे. लंडनच्या प्रतिष्ठित बोलण्यात 'कार' शब्दातला शेवटचा 'र' गाळतात आणि ते ऐटबाज मानतात. न्यूयॉर्कमध्ये तोच 'र' गाळणारा माणूस खालच्या वर्गातला समजला जातो. म्हणजे गोडवा किंवा ओबडधोबडपणा त्या अक्षरात नसतो. ते अक्षर कोणाच्या तोंडी आहे, त्यांचे समाजात वजन किती, याचा हिशोब आपले मन करते आणि वर म्हणते, 'कानाला बरे वाटले नाही.'

याचा एक पुरावा मला फार बोलका वाटला. ग्रीस देशात अथेन्सची बोली प्रतिष्ठेची आणि क्रीट बेटाची गावंढळ समजतात. हॉवर्ड जाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन्ही बोली इंग्लंडमधल्या अशा लोकांना ऐकवल्या, की ज्यांना ग्रीक भाषेचा गंधही नव्हता. कोणती अधिक गोड, कोणती अधिक सभ्य, हे विचारले. त्यांना दोहोंत फरक करता आला नाही. उच्च-नीच ठाऊक नसलेल्या कानाला दोन्ही सारख्याच.

मग ही पसंती-नापसंती येते कुठून? तिचे मूळ पाळण्यापर्यंत जाते. अमेरिकेतील संशोधिका कॅथरिन किंझलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले, की पाच-सहा महिन्यांची तान्ही बाळेदेखील आपल्या घरच्या हेलात बोलणाऱ्या माणसाकडे अधिक वेळ पाहतात, आणि पाच वर्षांची मुले मैत्रीसाठी आपल्यासारख्या हेलाचे मूल निवडतात. यात बाळाचा दोष नाही. आईच्या आवाजात त्याला दूध मिळाले, ऊब मिळाली. तो आवाज म्हणजे घर. परगावच्या स्टँडवर पाठीमागून कोणी अहिराणीत हाक मारली, की आपणही वळून पाहतोच ना? ओढ स्वाभाविक आहे. त्या ओढीवर पुढे समाज जी प्रतवारी चढवतो, ती मात्र शिकवलेली असते.

ही प्रतवारी किती खोल जाते, ते कॅनडात दिसले. तिथल्या माँट्रिअल शहरात इंग्रजी आणि फ्रेंच असे दोन्ही भाषा बोलणारे लोक राहतात; इंग्रजीवाल्यांकडे त्या काळी पैसा आणि अधिकार जास्त. वॉलेस लॅम्बर्ट नावाच्या प्राध्यापकांनी १९६० साली एक युक्ती केली. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या माणसांकडून एकच उतारा दोन्ही भाषांत वाचून घेतला आणि ध्वनिमुद्रित केला. ऐकणाऱ्यांना वाटले, ही निरनिराळी माणसे आहेत. आवाजावरून माणूस कसा वाटतो ते लिहा, असे त्यांना सांगितले. माणूस तोच असून इंग्रजी बोलताना तो अधिक बुद्धिमान वाटला. इतकेच नव्हे, तर अधिक उंच आणि अधिक देखणाही वाटला! पाहिलेला नाही, केवळ ऐकलेला, तरी देखणा. आणि याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. फ्रेंच बोलणाऱ्या श्रोत्यांनीदेखील इंग्रजी आवाजालाच झुकते माप दिले. फ्रेंच आवाजाला त्यांनी इंग्रजी श्रोत्यांपेक्षाही कमी लेखले.

मैत्रिणींनो, इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. आपल्या बोलीला परके हसतात ही तक्रार आपण नेहमी करतो, आणि ती खरीही आहे. पण पहिले हसणे बहुधा घरातच होते. शहरात शिकून आलेला मुलगा आजीला म्हणतो, 'आजी, पाहुण्यांसमोर नीट बोल.' मुलीची आत्या म्हणते, 'विचारतील तेवढेच सांग, जास्त तोंड उघडू नकोस.' जे माँट्रिअलच्या फ्रेंचांनी कागदावर लिहिले, ते आपण ओट्यावर बसून बोलतो.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा. पाहुणे शहरातले. मुलगी पदवीधर, हिशोबाला चोख, घरी अहिराणीत बोलू लागली की सारे घर हसवणारी. पण त्या अर्ध्या तासात ती प्रत्येक वाक्य आधी मनात उलथून घेते, 'न'चा 'ण' झाला की नाही ते तपासते, आणि मग हळूच बोलते. तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो. पाहुणे घरी जाऊन सांगतात, 'मुलगी बरी आहे, पण जरा मंद वाटली.' तिची हुशारी, तिचा हजरजबाबीपणा त्यांना दिसलाच नाही. कारण तो ज्या भाषेत राहतो, ती भाषा तिने दाराबाहेर ठेवली होती. मुलाचेही असेच होते. फोनवर पहिल्यांदा बोलताना तो उसन्या मराठीत दोन वाक्ये बोलतो, तिसरे सुचत नाही, आणि मुलीला वाटते हा तुसडा आहे. दोन चांगली माणसे एकमेकांना भेटतच नाहीत. भेटतात ते दोघांचे उसने आवाज.

आपल्या घरांतली आणखी एक विसंगती सांगते. सून शोधताना 'शुद्ध बोलणारी' हवी असते. ती येते. मग सहा महिन्यांनी सासूबाई म्हणतात, 'ती आमच्यात मिसळत नाही.' शेतातल्या बायांशी तिला बोलता येत नाही, थोरल्या सासऱ्यांचे म्हणणे तिला कळत नाही. जिच्या बोलण्यावर आपण भाळलो, त्याच बोलण्याचा आता परकेपणा वाटतो. याचेही कारण अभ्यासकांनी शोधले आहे. १९७० नंतर इंग्लंडात झालेल्या अनेक अभ्यासांत दिसले, की प्रमाण इंग्रजी बोलणारा माणूस लोकांना हुशार आणि कर्तबगार वाटतो, तर मुलखाच्या हेलात बोलणारा मोकळा, मनमिळाऊ आणि प्रामाणिक वाटतो. म्हणजे मन दोन तराजू घेऊन बसलेले असते. एकात 'हुशार किती' हे तोलते, दुसऱ्यात 'आपला किती' हे तोलते. पाहण्याच्या कार्यक्रमात आपण पहिला तराजू काढतो आणि संसार मात्र दुसऱ्यावर चालतो.

नोकरीच्या मुलाखतीत मराठीच्या जागी इंग्रजी येते, एवढाच फरक. आपला मुलगा 'हॉल'ला 'हाल' म्हणाला की समोरचे साहेब एकमेकांकडे पाहतात. त्याला यंत्र दुरुस्त करता येते की नाही, हा प्रश्न मागे राहतो. शिकागो विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. 'जिराफ उंटापेक्षा अधिक दिवस पाण्यावाचून राहू शकतो' अशा तऱ्हेची विधाने त्यांनी वेगवेगळ्या हेलांतल्या इंग्रजीत ऐकवली आणि ती कितपत खरी वाटतात हे विचारले. परक्या हेलात सांगितलेले विधान लोकांना कमी खरे वाटले. बोलणारा फक्त दुसऱ्याने लिहिलेला निरोप सांगतो आहे, हे ठाऊक असूनही तसे वाटले. संशोधकांनी दिलेले कारण आपण बायकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अनोळखी हेल समजून घ्यायला कानाला थोडे कष्ट पडतात, आणि ते कष्ट कानाचे आहेत हे न ओळखता मन म्हणते, 'याच्या बोलण्यात काही तरी खोट आहे.'

यातच उपायही आहे. कानाचे कष्ट फार वेळ टिकत नाहीत. नवा हेल थोडा वेळ ऐकला, की कान सरावतो. असे प्रयोगांत दिसून आले आहे आणि आपल्या प्रत्येकीच्या अनुभवातही आहे. नव्या बाईंचे शिकवणे पहिल्या दिवशी वर्गाला कळत नाही, आठवडाभरात कोणाला त्यांचा हेल जाणवतही नाही. म्हणून पहिली पाच मिनिटे निकालाची नसावीत. निकाल दुसऱ्या पाच मिनिटांनंतर द्यावा. एवढा धीर धरला, तर कितीतरी मुलींचे आणि मुलांचे नशीब बदलेल.

आणि समाजाचा कानही सरावतो, याची दोन उदाहरणे देते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, लंडनच्या बी.बी.सी.ने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. तोवर बातम्या एकाच ठरावीक उच्चारात वाचल्या जात. त्याचा हेल ऐकून तक्रारी आल्या. आज त्याच बी.बी.सी.वर निरनिराळ्या मुलखांचे हेल रोज ऐकू येतात आणि बातमी कोणाला खोटी वाटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या खानदेशचे आहे. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरच्या बोलीत ओव्या रचीत गेल्या. १९५१ साली त्या वारल्या, आणि पुढच्या वर्षी सोपानदेवांच्या खटपटीने, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. त्यांच्या शब्दांत 'ळ'चा 'य' होतो, 'ण'चा 'न' होतो. कोणी ते सुधारून छापले नाही, म्हणून ती गाणी जिवंत राहिली. २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणजे आपल्या मुली जी पदवी भिंतीवर लावतात, तिच्यावर एका खानदेशी बोलीतल्या कवयित्रीचे नाव आहे. आणि त्याच घरात 'पाहुण्यांसमोर तसे बोलू नकोस' असेही सांगितले जाते! आपल्या शहादे तालुक्यातील वाहरू सोनवणे यांनी भिलीत कविता लिहिल्या, 'गोधड' नावाचा त्यांचा संग्रह आहे. ज्या बोलीत कविता होते, त्या बोलीत मुलीला आपले नाव सांगायला लाज वाटण्याचे कारण काय?

कोणी म्हणेल, 'बाई, हे सभेत बोलायला ठीक आहे. पण परीक्षा, कोर्ट, कचेरी, मुलाखत यांत प्रमाण भाषाच लागते, त्याचे काय?' प्रश्न रास्त आहे. प्रमाण मराठी शिकलीच पाहिजे, आणि इंग्रजीही. अक्राणीच्या पाड्यावरून आश्रमशाळेत आलेल्या मुलीला ती आली नाही, तर तिची वाट अडते. तिला ती शिकवणे हे आपले काम आहे. माझे म्हणणे शिकवण्याच्या रीतीविषयी आहे. पावरी बोलणाऱ्या मुलीला 'तुझे चुकले' असे सांगितले, की ती गप्प बसते, आणि गप्प बसलेले मूल कोणतीच भाषा शिकत नाही. 'तुमच्यात याला काय म्हणतात? बरे, पुस्तकात असे म्हणतात' असे सांगितले, की तिच्याजवळ दोन शब्द होतात. घरात नेसायचे लुगडे आणि समारंभाचा शालू दोन्ही पेटीत असावेत. शालू आला म्हणून लुगडे जाळून टाकायचे नसते. ना. गो. कालेलकरांसारख्या थोर भाषापंडितांनी मराठीत हेच शास्त्र समजावून सांगितले, की बोलणाऱ्यांच्या व्यवहाराला पुरी पडणारी कोणतीही बोली अशुद्ध नसते. प्रमाण भाषा ही सोयीसाठी मान्य केलेली एक बोली आहे. सोयीचा मान तिला जरूर द्यावा. बुद्धीचे आणि शीलाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार तिला देऊ नये.

मंडळाने काय करावे, याविषयी तीन लहान सूचना करून मी थांबते.

पहिली सूचना घरातल्या पाहण्याच्या कार्यक्रमासाठी. मुलीला आणि मुलाला, ज्या भाषेत मोकळे वाटेल त्या भाषेत बोलू द्यावे, आणि हे पाहुण्यांना आधीच हसतमुखाने सांगावे. आपण वरपक्षाच्या असू, तर पहिला प्रश्न आपणच घरच्या बोलीत विचारावा. 'तुन्हं नाव काय शे?' एवढे म्हटले, तरी समोरची मुलगी खुर्चीत सैल होऊन बसेल, आणि आपल्याला खरी मुलगी दिसेल.

दुसरी सूचना मुलाखतीला जाणाऱ्या मुलांसाठी. मंडळाच्या वाचनालयात आठवड्यातून एक तास त्यांना मराठी-इंग्रजी बोलण्याचा सराव द्यावा. सराव सावकाश आणि स्पष्ट बोलण्याचा असावा; नक्कल करण्याचा नसावा. समोरच्याला कळेल असे बोलणे हे शिष्टाचाराचे आहे. आपला मुलूख लपवणे हे शिष्टाचारात मोडत नाही.

तिसरी सूचना आपल्या स्वतःसाठी. आपल्या सभांत मागच्या सतरंजीवर बसणाऱ्या काही भगिनी वर्षानुवर्षे बोललेल्या नाहीत. त्यांना सांगण्यासारखे काही नाही असे नव्हे. बियाणे, औषधी पाला, बाळंतिणीची काळजी यांत त्या आपल्याला शिकवतील. त्या बोलत नाहीत, कारण सभेची भाषा त्यांची नाही. येत्या संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात प्रत्येकीने आपापल्या घरच्या बोलीत दोन मिनिटे बोलावे, आणि कळले नाही तर शेजारणीने अर्थ सांगावा, असा ठराव मी मांडते. अध्यक्षीणबाईंनी तो सभेपुढे ठेवावा अशी विनंती आहे.